संताच्या पेटीतला सोन्याचा पट्टा: डरहमच्या स्टोलचे प्रकरण

१७ मे १८२७ रोजी उत्तर इंग्लंडमधल्या डरहम कॅथेड्रलमध्ये मुख्य वेदीमागची फरशी उचलण्यात आली. काम पाहत होते जेम्स रेन. ते तिथले ग्रंथपाल आणि अँग्लिकन धर्मगुरू. खाली संत कथबर्टची कबर होती. कथबर्ट वारला ६८७ मध्ये, फार्न बेटांपैकी एका लहानशा बेटावर. त्याचा देह कुजत नाही अशी श्रद्धा अकराशे वर्षे चालत आलेली. रेन यांना त्या श्रद्धेची खातरजमा करायची होती. पेटीत पेटी, तिच्यात आणखी एक पेटी, आणि सगळ्यात आतल्या ओकच्या पेटीत रेशमी वस्त्रांत गुंडाळलेला सांगाडा निघाला. त्या रेशमात एक लांब, अरुंद, सोन्याने भरलेला पट्टा होता. तसाच एक आखूड पट्टा त्याच्या जोडीला होता.

पट्ट्यांच्या टोकांना मागच्या बाजूने अक्षरे भरलेली होती. त्यांत कथबर्टचे नाव कुठेच नव्हते. नावे होती दुसऱ्याच दोघांची: एक राणी, आणि एक बिशप. बिशप होता विंचेस्टरचा, म्हणजे इंग्लंडच्या पार दक्षिण टोकाकडचा, आणि तो झाला कथबर्टनंतर सव्वादोनशे वर्षांनी.

एका माणसासाठी मुद्दाम नाव घालून करवून घेतलेले वस्त्र चारशे किलोमीटरहून लांब, भलत्याच माणसाच्या पेटीत कसे गेले? या लेखाचा विषय तोच. मात्र हे वाचताना माझे लक्ष राणीपेक्षा आणि बिशपपेक्षा तिसऱ्याच माणसाकडे राहिले, जिने सुई धरली तिच्याकडे. तेव्हा तिचीही बाजू यात येईल.

वस्तू

लांब पट्टा म्हणजे स्टोल. वसईत किंवा गोव्यात ज्यांनी मिस्सा पाहिली आहे त्यांना तो नव्याने सांगायला नको. धर्मगुरूच्या मानेवरून दोन्ही खांद्यांवर घेऊन पुढे सोडतात तो. आखूड पट्टा म्हणजे मॅनिपल. तो डाव्या हाताच्या मनगटापाशी अडकवत. त्याचे मूळ हातरुमालात आहे असे मानतात. १९६७ मध्ये कॅथलिक चर्चने मॅनिपलची सक्ती काढली, म्हणून आजच्या पिढीने तो बहुधा पाहिलेला नसतो.

दोन्हींची रुंदी सुमारे सहा सेंटिमीटर, पैठणीच्या बेताच्या काठाइतकी. एवढ्याशा जागेत माणसे उभी आहेत. स्टोलवर जुन्या करारातले संदेष्टे एकाखाली एक येतात: यशया, यिर्मया, दानीएल, होशेय, आमोस, योना, नहूम आणि त्यांचे सोबती. प्रत्येकाच्या बाजूला त्याचे नाव. मानेमागे येतो तो मध्यभाग देवाच्या कोकऱ्याचा. दोन्ही टोकांना प्रेषित थोमा आणि प्रेषित याकोब. भारतात आला असे आपल्याकडचे ख्रिस्ती मानतात तोच हा थोमा, आणि त्याला दहाव्या शतकातल्या इंग्लंडच्या रेशमात उभा पाहताना मला क्षणभर ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले. मॅनिपलच्या मधोमध ढगातून खाली आलेला देवाचा हात. त्याच्या एका बाजूला पोप ग्रेगरी आणि त्यांचा सेवक पीटर, दुसऱ्या बाजूला पोप सिक्स्टस आणि त्यांचा सेवक लॉरेन्स. टोकांना दोन योहान, बाप्तिस्मा करणारा आणि शुभवर्तमानकार.

माणसे रंगीत रेशमाची. हिरवा, निळा, तपकिरी, आता फिका पडलेला लालसर. चेहऱ्याच्या आणि वस्त्राच्या कडा गडद धाग्याच्या दांडी टाक्याने काढल्या आहेत. आतला भाग भरायला बारीक टाका घातला आहे, ज्यात सुई आधीच्या टाक्याचा धागा मधोमध फोडून वर येते. माणसांच्या भोवतीची सगळी जमीन सोन्याची. सोने आकृतीच्या कडेपर्यंत येते आणि थांबते. आकृतीखाली सोने नाही. कारागिराच्या दृष्टीने हा काटकसरीचा हिशेब आहे आणि तो अवघडही आहे. रेशमी बाह्यरेषा जिथे वळेल तिथे सोन्याच्या प्रत्येक तारेने वळायचे किंवा माघारी फिरायचे, आणि मधे फट दिसता कामा नये.

संदेष्ट्यांच्या पायाशी आणि मध्ये पानांचे फुटवे आहेत. ही जाड, कातरलेली ॲकँथसची पाने युरोप खंडातून आणि बायझँटियमकडून आलेल्या नमुन्यांची. इंग्लंडमध्ये या पानांची सुरुवात दाखवताना कलेचे अभ्यासक याच पट्ट्याकडे बोट दाखवतात. पुढे शंभर वर्षे विंचेस्टरच्या हस्तलिखितांत ती पाने समासभर पसरली. म्हणजे तिथल्या चित्रकारांच्या आधी ती एका सुईखालून गेली होती.

नावे आणि तारीख

टोकांच्या मागे एका बाजूला लॅटिन शब्द आहेत: «एल्फ्लेड फिएरी प्रेकेपित», म्हणजे एल्फ्लेडने करण्याची आज्ञा दिली. दुसऱ्या बाजूला: «पिओ एपिस्कोपो फ्रिथेस्टानो», म्हणजे धर्मशील बिशप फ्रिथेस्टानसाठी.

मध्ययुगातल्या फारच थोड्या वस्त्रांवर इतके स्पष्ट लिहिलेले सापडते. या दोन ओळींवरून तारीख काढता येते, ती अशी. फ्रिथेस्टान विंचेस्टरचा बिशप झाला ९०९ मध्ये. त्याच्या आधी त्याला ‘बिशप’ म्हणून पट्टा भरून देणार नाही कुणी. म्हणून खालची मर्यादा ९०९. एल्फ्लेड ही राजा थोरल्या एडवर्डची दुसरी पत्नी. एडवर्ड म्हणजे महान आल्फ्रेडचा मुलगा, ८९९ ते ९२४ राज्य केलेला. एडवर्डची तिसरी पत्नी एडगिफू ९१९ च्या सुमारास राणी होती, म्हणजे तोपर्यंत एल्फ्लेडचे दिवस संपलेले. अभ्यासक सहसा ९१६ ही वरची मर्यादा धरतात. अशा रीतीने हे काम ९०९ ते ९१६ या सात वर्षांत बसते.

इथे जरा थांबायला हवे. खालची मर्यादा पक्की आहे, वरची तेवढी नाही. फ्रिथेस्टान ९३१ पर्यंत बिशप होता. राणीने आज्ञा दिली आणि काम रेंगाळले, असेही होऊ शकते. असे पट्टे काही महिन्यांत उरकत नाहीत. तरीही मला ९०९ च्या जवळचीच तारीख योग्य वाटते. नव्या बिशपला आसनावर बसताना भेट द्यायची, आणि त्या भेटीवर आपले नाव घालायचे, ही राजघराण्याची रीत दिसते. विंचेस्टर ही एडवर्डची राजधानीच म्हणायला हवी. त्याने तिथे न्यू मिन्स्टर हा मठ उभारला. आल्फ्रेडच्या विधवेने, एल्स्विथने, तिथेच बायकांसाठी मठ सुरू केला होता. बाराव्या शतकातला इतिहासकार माम्सबरीचा विल्यम सांगतो की एडवर्डने आपल्या मुलींना आधी अक्षरे शिकवली आणि मग चाती-सुई. अशा घरात भरतकाम हे रिकाम्या वेळचे काम नसते. ते धर्मकार्य असते आणि राजकारणही असते.

विंचेस्टरहून उत्तरेकडे

आता मुख्य गाठ.

कथबर्टचा देह एका जागी राहिला नाही. तो आधी लिंडिसफार्न बेटावरच्या मठात होता. व्हायकिंगांच्या धाडींना कंटाळून मठवासी ८७५ मध्ये पेटी खांद्यावर घेऊन निघाले. कित्येक वर्षे हिंडले. ८८३ मध्ये चेस्टर-ली-स्ट्रीट इथे स्थिरावले. तिथून ९९५ मध्ये पेटी डरहमला आली, आणि ११०४ मध्ये आजच्या कॅथेड्रलमध्ये ठेवली गेली. म्हणजे आपला पट्टा पेटीत पडायचा असेल तर पहिली शक्यता चेस्टर-ली-स्ट्रीटची.

तिथे ९३४ मध्ये राजा ॲथेलस्टन आला. स्कॉटलंडवर स्वारीला निघाला होता. वाटेत संताच्या चरणी त्याने दान ठेवले. त्या दानाची यादी संताच्या समाजाने जपलेल्या इतिहासात टिकली आहे. तीत शुभवर्तमानाचे पुस्तक आहे, उपासनेची वस्त्रे आहेत, आणि एक स्टोल, त्याच्या जोडीचा मॅनिपल आणि एक कमरपट्टा आहे. याच राजाने दिलेले आणखी एक पुस्तक आज केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्ती कॉलेजात आहे. त्याच्या पहिल्या चित्रात मुकुट घातलेला ॲथेलस्टन मान झुकवून पुस्तक पुढे करतो आहे आणि समोर कथबर्ट उभा आहे. इंग्लंडच्या राजाचे हे सर्वांत जुने शिल्लक चित्र.

यादीतला स्टोल आणि पेटीतला स्टोल एकच, हे आज जवळपास सगळे मान्य करतात. मग प्रश्न पुढे सरकतो: फ्रिथेस्टानसाठी केलेला पट्टा ॲथेलस्टनच्या हाती कसा आला?

हे समजून घ्यायला घरातली नाती पाहावी लागतात, आणि ती आपल्याकडच्या कोणत्याही संस्थानाच्या बखरीत शोभावीत अशी आहेत. ॲथेलस्टन हा एडवर्डचा मुलगा, पण एल्फ्लेडचा नव्हे. एडवर्डच्या पहिल्या जोडीदारीणीपासून, एग्विनपासून, तो झाला. एल्फ्लेड त्याची सावत्र आई. तिचा स्वतःचा मुलगा एल्फवर्ड होता. ९२४ मध्ये एडवर्ड वारला तेव्हा वेसेक्समध्ये, म्हणजे विंचेस्टरकडच्या दक्षिण मुलखात, एल्फवर्डला पुढे केले गेले असावे, आणि मर्सियात, म्हणजे मध्य इंग्लंडमध्ये, ॲथेलस्टनला. एल्फवर्ड बापामागून अवघ्या सोळा दिवसांनी गेला. तरी ॲथेलस्टनचा राज्याभिषेक ९२५ च्या सप्टेंबरपर्यंत लांबला. विंचेस्टरमध्ये त्याला विरोध होता हे अनेक इतिहासकार मानतात. त्याचा एक पुरावा म्हणजे बिशप फ्रिथेस्टानचे वागणे. राज्याभिषेकाच्या दिवसाच्या सनदेवर साक्षीदारांत त्याचे नाव दिसत नाही, आणि नंतरही ९२८ पर्यंत नव्या राजाच्या सनदांवर ते येत नाही. एल्फ्लेडचा दुसरा मुलगा एडविन ९३३ मध्ये समुद्रात बुडून मेला. दुसऱ्याच वर्षी ॲथेलस्टन उत्तरेला दान घेऊन निघाला.

या तुकड्यांतून अभ्यासकांनी दोन-तीन कथा बांधल्या आहेत. एक, फ्रिथेस्टानने ९३१ मध्ये पद सोडले आणि त्यानंतर लवकरच तो गेला, तेव्हा त्याची वस्त्रे राजाकडे आली. दुसरी, पट्टा फ्रिथेस्टानला मिळालाच नाही, राणीच्या कारखान्यातून तो राजभांडारात पडून राहिला. तिसरी, विंचेस्टरमधल्या विरोधकांची वस्तू उचलून राजाने ती मुद्दाम लांबच्या संताला वाहिली. तिसरी कथा सगळ्यांत रंगतदार आहे आणि म्हणूनच तिच्यापासून सावध राहावे असे मला वाटते. मला पहिली जास्त पटते. बिशप गेल्यावर त्याची जडजवाहिरे आणि वस्त्रे राजाच्या नजरेखालून जाणे त्या काळात नेहमीचेच होते. राजाला स्वारीवर निघताना संताला द्यायला काहीतरी अपूर्व हवे होते. सावत्र आईच्या नावाचे काम भांडारात होते. त्या नावावर दोन बोटे राख टाकायचीही गरज नव्हती, कारण ते मागच्या बाजूला होते.

दहा-अकरा वर्षांनी ॲथेलस्टनचा सावत्र भाऊ एडमंड याच देवस्थानी आला. त्याने स्वतःच्या हाताने संताच्या देहावर दोन ग्रीक वस्त्रे घातली आणि आपली सोन्याची कडी काढून ठेवली. एका घराण्याच्या भावकीतले हेवेदावे आणि भक्ती अशी एकाच पेटीत एकावर एक रचली गेली.

सोने कसे बसवले

या पट्ट्यातल्या धाग्याला आपल्याकडे नाव तयार आहे: कलाबतू. रेशमाच्या दोऱ्याभोवती धातूची चपटी, केसासारखी बारीक पट्टी घट्ट गुंडाळली की झाला कलाबतू. पैठणीच्या किंवा शालूच्या जुन्या जरीत रेशमावर चांदीची पट्टी असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. कथबर्टच्या पट्ट्यात मुलामा नाही. पट्टी सोन्याचीच आहे. पुढच्या शतकांत इंग्लंडचे कारागीर मुलामा दिलेल्या चांदीकडे वळले, आणि म्हणूनच तेराव्या-चौदाव्या शतकातली त्यांची वस्त्रे आज काही ठिकाणी काळवंडलेली दिसतात. दहाव्या शतकाचा हा पट्टा काळा पडला नाही.

असा धागा कापडातून आरपार ओढता येत नाही. दोन-चार वेळा ओढला की पट्टी सुटते, सोने मागे सरकते आणि रेशीम उघडे पडते. म्हणून तो कापडावर आडवा ठेवायचा आणि दुसऱ्या बारीक रेशमी धाग्याने ठरावीक अंतरावर टाचायचा. सोने सगळे वर राहते, मागे फक्त टाचण्याचे बारीक टाके. यालाच काउचिंग म्हणतात.

हे वाचून कळते पण पटत नाही. म्हणून मी मुंबईत मदनपुऱ्यातल्या एका जरीच्या अड्ड्यावर गेलो. लाकडी चौकटीवर कापड ढोलासारखे ताणलेले, चौघे कारागीर चारी बाजूंनी मांडी घालून बसलेले. तिथल्या वयस्कर उस्तादांना मी पट्ट्याचे छापील चित्र दाखवले आणि सांगितले की हे अकराशे वर्षांपूर्वीचे आहे. त्यांनी चित्र डोळ्यांजवळ नेले. योना किंवा दानीएल कोण हे त्यांनी विचारले नाही. पहिला प्रश्न विचारला तो असा: “मोड कुठे घेतला आहे?”

मोड म्हणजे जिथे कलाबतूची एक ओळ संपते आणि तार उलट फिरून दुसऱ्या ओळीला लागते ती जागा. उस्तादांनी मला चौकटीच्या कोपऱ्यात बसवून दाखवले. सरळ ओळ घालणे दोन दिवसांत जमते. मोडावर तार फिरवताना ती फुगते. फुगली की तिथे उंचवटा येतो आणि उंचवट्यावर सोने आधी घासले जाते. फार दाबली तर पट्टी चिरते आणि आतले रेशीम लाल तोंड दाखवते. बरोबर दाब बोटाच्या नखाने द्यायचा, आणि त्याच क्षणी टाचा मारायचा. दोन तासांनंतर माझ्याकडे अंगठ्याच्या नखाएवढी सोन्याची जागा तयार होती, आणि तीत तीन मोड चिरलेले होते. उस्तादांनी ते न बोलता उसवले.

सहा सेंटिमीटर रुंदीत एक संदेष्टा बसवायचा म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना सोन्याच्या किती ओळी आणि किती मोड येतील याचा अंदाज त्या दिवसापासून मला आला. त्याच्या डोक्यामागचे तेजोवलय, हाताची बोटे, झग्याची घडी, प्रत्येक वळणावर तार माघारी फिरते. आणि एल्फ्लेडच्या कारागिरणीच्या हाताशी आजची यंत्रावर काढलेली एकसारखी तार नव्हती. सोने ठोकून पातळ पत्रा करायचा, त्याच्या पट्ट्या कापायच्या, त्या हाताने रेशमावर गुंडाळायच्या. जाडी इकडेतिकडे होणारच. तरी ओळी सपाट बसल्या आहेत.

आपल्या भाषेत ‘कसब’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, हातचे कौशल्य आणि सोन्या-चांदीची जर. ‘कसबी पदर’ म्हणजे जरीचा पदर. अड्ड्यावर बसेपर्यंत हे दोन अर्थ मला शेजारी शेजारी ठेवलेले वाटायचे. आता वाटत नाहीत.

पुढे बाराव्या-तेराव्या शतकांत इंग्लंडच्या कारागिरांनी काउचिंगची एक वेगळी तऱ्हा पराकोटीला नेली. टाचणीच्या धाग्याने सोन्याच्या तारेला कापडाच्या मागे बारीकसे ओढून घ्यायचे, म्हणजे समोर टाचा दिसत नाही आणि प्रत्येक टाक्यापाशी बिजागरीसारखी लवचीकता येते. त्यामुळे संपूर्ण सोन्याने भरलेला मोठा झगाही अंगावर पडतो, फळीसारखा उभा राहत नाही. १२९५ च्या पोपच्या भांडाराच्या यादीत ‘इंग्रजी काम’ म्हणून नोंदलेल्या वस्तू शंभरावर आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला सायन कोप हा धर्मगुरूचा भरजरी झगा त्याच काळातला. त्या कामाची कीर्ती मोठी आहे आणि ती रास्त आहे. तरी मला विचाराल तर अरुंद पट्ट्यावर, समोरून टाचलेल्या, प्रत्येक टाका उघड दिसणाऱ्या या जुन्या कामात लपवायला जागाच नाही, म्हणून ते मला अधिक धीट वाटते.

जळाले नाही, कारण पुरले होते

सोन्याचे भरतकाम कमी उरले त्याचे कारण आपल्याला घरात सापडते. जुनी जर विकत घेणारे लोक दारोदार यायचे. वजनाने भाव ठरायचा, साडी किती सुंदर हे कुणी विचारत नसे. माझ्या आजीचा लग्नातला शालू असाच गेला. रेशीम पार विरले होते, काठ मात्र जड होता. त्या माणसाने काठाचा एक धागा काडीवर धरून पेटवला, काय उरते ते पाहिले, आणि भाव सांगितला. आजीने काठाचा बोटभर तुकडा कापून ठेवून घेतला. तो माझ्याकडे आहे, आणि अड्ड्यावर मी तो बरोबर नेला होता.

युरोपात हेच मोठ्या प्रमाणावर झाले. झिजलेली वस्त्रे खुद्द मठांनी जाळून सोने काढले. नंतर सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने मठ बंद केले आणि त्याच्या मुलाच्या काळात चर्चमधली वस्त्रे जप्त झाली, तेव्हा उरलेली बरीच भट्टीत गेली किंवा पलंगपोस आणि गाद्यांची आवरणे झाली.

डरहमचा मठ ३१ डिसेंबर १५३९ रोजी संपला. त्याआधी राजाची माणसे कथबर्टच्या समाधीवर आली होती. १५९३ मध्ये लिहिलेल्या डरहमच्या आठवणींत तो प्रसंग आहे. बरोबर एक सोनार होता. समाधीवरचे दागिने आणि रत्ने उतरवून घेतल्यावर त्याने घणाने पेटी फोडली. आत हाडांचा ढीग असेल अशी त्यांची खात्री होती. संत अखंड पडलेला दिसला. ते गोंधळले. वर काय करायचे ते विचारायला निरोप धाडला. अखेर देह होता तिथेच जमिनीखाली पुरण्यात आला. सोनाराच्या हातापासून सोन्याचा पट्टा हातभर अंतरावर होता, संताच्या अंगावरच्या रेशमात. त्याच रेशमात खोलवर त्याचा गार्नेट जडवलेला सोन्याचा क्रूसही होता. तोही निसटला आणि १८२७ मध्येच बाहेर आला.

श्रद्धेने वाचवले असे म्हणता येईल. मी इतकेच म्हणेन की ज्या वस्तू वापरात आणि भांडारात राहिल्या त्यांना भाव होता, आणि जी मृताच्या अंगावर गेली तिचा भाव करायला कुणी पोहोचले नाही. सोने काळे पडत नाही, त्यामुळे ओलसर कबरीतूनही पट्टा ओळखता येईल असा निघाला. काही संदेष्टे तुटले, काहींचे तुकडे राहिले.

सुई कोणाची

«करण्याची आज्ञा दिली» या शब्दांत करणारी राहून जाते. एल्फ्लेडने स्वतः सुई धरली नसेल असे नाही, पण अक्षरे ते सांगत नाहीत. सांगतात एवढेच की सोने तिचे, आज्ञा तिची.

अशा कामाच्या बायकांची नावे इंग्लंडच्या इतिहासात दुसऱ्या वाटेने सापडतात, जमिनीच्या नोंदींतून. १०८६ च्या डूम्सडे बुकात विल्टशरमधल्या नूक गावी लेओफगिथ नावाची बाई जमीन धरून आहे, आणि नोंद म्हणते की ती राजा-राणीसाठी सोन्याचे भरतकाम करत असे व करते. बकिंगहॅमशरमध्ये एल्फगिथ नावाच्या मुलीला गॉड्रिक शेरीफने जमिनीचा तुकडा दिला होता, त्याच्या मुलीला सोन्याचे भरतकाम शिकवावे म्हणून. तेराव्या शतकात तिसऱ्या हेन्रीच्या हिशेबात बरी सेंट एडमंड्सची मेबल येते. तिला झगा भरायला पैसे दिल्याच्या नोंदी आहेत. महसुलाच्या कारकुनाला जमीन मोजायची होती आणि खजिनदाराला पैसा, म्हणून ही नावे लिहिली गेली.

लेओफगिथची नोंद वाचताना मला ती म्हातारी झालेली दिसते. पहिल्या राजाच्या काळात काम केले, देश नॉर्मनांनी जिंकला, राजा बदलला, आणि कारकून आला तेव्हाही ती सोनेच भरत होती. विंचेस्टरच्या त्या आधीच्या बाईला, किंवा बायांना, अशी एखादी ओळ मिळाली नाही. एका पट्ट्यावर एकाहून जास्त हात असणार. इतक्या लांबीचे काम चौकटीवर एकटीने कुणी काढत नाही, आजही नाही.

आज हे पट्टे डरहम कॅथेड्रलच्या ठेव्यात आहेत. कथबर्टच्या पेटीतल्या वस्तू तिथल्या जुन्या मठाच्या मोठ्या स्वयंपाकघरात मांडल्या आहेत. काचेमागे पट्ट्याची एकच बाजू एका वेळी दिसते.

अड्ड्यावरून निघताना उस्तादांनी चित्र परत मागितले. “पीछे का दिखाओ,” म्हणाले. भरतकाम करणारा कुणीही कापड उलटूनच पाहतो, गाठी कुठे मारल्या, धागा कुठे तोडला ते तिथे कळते. माझ्याकडे मागच्या बाजूचे होते ते अक्षरांचेच चित्र होते. तेच दिले. मी लॅटिनचा अर्थ सांगत होतो, राणीचे नाव, बिशपचे नाव. त्यांचे लक्ष तिकडे नव्हते. एका अक्षराच्या पोटात सोन्याची तार जिथे माघारी फिरली होती तिथे त्यांनी नख ठेवले, आणि ते शेजारच्या मुलाला दाखवले.